आइस फिशिंगच्या स्लेडला घरच्या घरी स्की: नव्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतल्या मिनेसोटात दोन-तीन हिवाळे काढले की गोठलेल्या तळ्यावर बसून मासे पकडणाऱ्यांमध्ये आपणही जाऊन बसावं असं वाटू लागतं. ऑफिसातलं कुणीतरी एकदा घेऊन जातं, भोकातून पहिला पर्च किंवा क्रॅपी वर येतो, आणि पुढच्या मोसमात आपण स्वतःचा तंबू घेतो. थंडीची तयारी सगळे सांगतात. सामान ओढण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि नव्या माणसाचा दिवस बहुतेक वेळा तिथेच खराब होतो. हा लेख त्या ओढण्याबद्दल आहे.

नवे लोक बहुतेक फ्लिप-ओव्हर तंबू घेतात. क्लॅम, ऑटर, एस्किमो अशा कंपन्यांचे तंबू दुकानात रांगेने मांडलेले असतात. खाली पॉलिएथिलीनची जाड, टबासारखी स्लेड, तिच्यावर बसायची खुर्ची आणि मागून पुढे उलटवायचं कापडी छत. सामान स्लेडमध्ये भरायचं, दोरीने ओढत जागेवर न्यायचं, छत उलटवायचं, झालं. एका माणसाचा तंबू रिकामाच पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो. त्यात भोक पाडायचं ऑगर, हीटर, गॅसची नळकांडी, बॅटरी, गळ, डबा, थर्मास भरलं की पन्नास किलो सहज होतात. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी, नेता येत नाही, म्हणजे हे सगळं पायी ओढायचं. मासे चांगले लागतात तेही नेमके त्याच दिवसांत.

ओढताना जड का जातं

पॉलिएथिलीन बर्फावर चांगलंच घसरतं, त्यामुळे दोष प्लास्टिकचा नाही. अडचण तळाच्या रुंदीत आहे. पाऊण मीटर रुंद तळ समोरचा भुसभुशीत बर्फ दाबत आणि ढकलत जातो. तुमची निम्मी ताकद स्लेड हलवायला लागते, निम्मी बर्फ बाजूला सारायला.

त्याहून त्रासदायक म्हणजे स्लश. तळ्यावर जोराचा बर्फ पडला की त्याच्या वजनाने खालचा कडक थर किंचित खाली दबतो, चिरांमधून पाणी वर येतं आणि वरच्या बर्फात मुरतं. वरून पांढरं, कोरडं दिसतं. पाय टाकला की आत राखाडी चिखल. या स्लशमधून स्लेड गेली की तळाला ओला थर चिकटतो, हवेत तो गोठतो, आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या जागी तुम्ही बर्फाचा खडबडीत तळ ओढत असता. पाच मिनिटं थांबलात तर स्लेड जागेलाच चिकटून बसते.

खाली दोन स्की लावल्या की टब या सगळ्याच्या वर, हवेत राहतो. बर्फाला टेकतात फक्त दोन अरुंद, मेण लावलेल्या पट्ट्या. कडक बर्फावर चार-सहा इंच ताजा बर्फ किंवा थोडा स्लश असेल तर फरक पहिल्या पावलातच कळतो.

मात्र स्की सगळीकडे चालत नाहीत, हे बांधायला घेण्याआधी समजून घ्या. दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद तळाचं क्षेत्रफळ साधारण १.१ चौरस मीटर होतं. दोन जुन्या स्कींचं मिळून होतं पाव चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे तेच वजन चौपट कमी जागेवर येतं. गुडघाभर मऊ बर्फात स्की खोल रुततात, आडव्या फळ्या बर्फाला टेकतात आणि सगळी गाडी नांगर धरल्यासारखी अडते. अशा दिवशी रुंद तळाची साधी स्लेडच बरी तरंगते. म्हणून माझं मत ठाम आहे: स्की स्लेडला कायमच्या ठोकू नका. स्कींची वेगळी चौकट करा, स्लेड तिच्यावर ठेवा, पट्ट्याने बांधा. नको असेल त्या दिवशी चौकट गॅरेजमध्ये राहू द्या. इथले जुने मासेमार अशा चौकटीला ‘स्मिटी स्लेड’ म्हणतात.

वेगळ्या चौकटीचं दुसरं कारण तंबूचं आहे. फ्लिप-ओव्हर तंबूची स्लेड बर्फावर सपाट बसली तरच छताची खालची झालर बर्फाला टेकते. स्लेड वीतभर उंच राहिली तर खालून वारा थेट तुमच्या पायांवर येतो, आणि उणे वीसमध्ये तो वारा हीटरला पुरून उरतो. वेगळी चौकट असली की जागेवर पोहोचल्यावर स्लेड खाली उतरवायची आणि नेहमीसारखा तंबू उघडायचा.

दुकानात स्लेडच्या तळाला बोल्टने लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही मिळतात. त्यांना हायफॅक्स म्हणतात. त्या तळ झिजण्यापासून वाचवतात, पण स्लेडला उचलत नाहीत. जे लोक स्नोमोबिलमागे स्लेड ओढतात किंवा पार्किंगच्या डांबरावरून फरफटत नेतात, त्यांनी त्या जरूर लावाव्यात. घरी लावणार असाल तर दोन गोष्टी पाळा. पॉलिएथिलीनला कुठलाही गोंद धड धरत नाही, तेव्हा चिकटवायच्या भानगडीत न पडता बोल्ट आणि मोठे वॉशर वापरा. आणि हे प्लास्टिक थंडीत बरंच आकसतं: दीड मीटरची पट्टी गॅरेजच्या उबेतून कडाक्याच्या थंडीत गेली की जवळपास एक सेंटीमीटर आखूड होऊ शकते. पुढचं भोक गोल ठेवा, मागची भोकं लांबट पाडा, म्हणजे पट्टी सरकायला जागा राहील. नाहीतर ती तळ खेचते किंवा स्वतः तडकते.

काय काय लागेल

जुन्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कींची जोडी. गुडविलसारख्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा हिवाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या स्की स्वॅपमध्ये, म्हणजे जुन्या स्कींच्या बाजारात, या अगदी स्वस्तात मिळतात, कारण जुन्या बाइंडिंगवर (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर) आता कुणी स्की करत नाही. लांबी १७० ते १८० सेंटीमीटर बघा. रुंदीला पर्याय असेल तर रुंद घ्या. क्रॉस-कंट्रीच्या बारीक स्की घेऊ नका. त्या हलक्या असतात, पण या वजनाला टिकत नाहीत आणि लगेच रुततात. दोन्ही स्की एकाच जोडीतल्या हव्यात. वेगळ्या लांबीच्या किंवा वेगळ्या कमानीच्या स्की एकत्र लावल्या की गाडी एका बाजूला ओढते.

घेताना स्की उलटी करून तळ हाताने चाचपून बघा. ओरखडे चालतील, ते बुजवता येतात. कडेची पोलादी पट्टी कुठे सुटून वर आली असेल, किंवा थर उकलून मध्ये फट पडली असेल तर ती जोडी सोडून द्या.

लाकूड साधं स्प्रूस किंवा पाइनचं टू-बाय-फोर. नाव तसं असलं तरी ते प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर असतं. मापं काढताना हे लक्षात ठेवा. वरच्या पट्ट्यांसाठी वन-बाय-फोर. ओल लागू नये म्हणून दाबप्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड घ्यायचा मोह होतो, पण ते पाण्याने जड असतं. साध्या लाकडाला दोन हात तेल किंवा बाहेरचा रंग पुरतो.

बाकी किरकोळ: अडीच इंची चपट्या डोक्याचे बाहेरच्या वापराचे स्क्रू, दोन आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट), आपोआप सैल न होणारे नायलॉक नट, मोठे वॉशर, पातळ प्लायवूडचे तुकडे, जुनं रबरी मॅट, कॅम-बकलचे, म्हणजे ओढून आवळायच्या साध्या चापाचे दोन पट्टे, इपॉक्सी. हत्यारांत ड्रिल, स्क्रूचं डोकं आत बसायला खळगा पाडणारं काउंटरसिंक बिट, करवत, गुण्या, टेप, क्लँप आणि एक कानस. दोन ते अडीच दिवसांचा शनिवार-रविवार धरून चला. त्यात लाकूडकामाचा वेळ कमी, इपॉक्सी आणि रंग वाळण्याचाच जास्त.

पायरी १: स्की मोकळ्या करा

बाइंडिंगचे स्क्रू पॉझिड्राइव्ह प्रकारचे असतात, फिलिप्ससारखे दिसतात पण खाच थोडी वेगळी. योग्य बिट घ्या आणि वरून दाबून धरा, नाहीतर डोकं गुळगुळीत होतं. घट्ट बसलेला स्क्रू सुटेना तर सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्याला मिनिटभर टेकवा. आतला जुना गोंद मऊ होतो आणि स्क्रू फिरतो. रिकाम्या भोकांत इपॉक्सी भरा. हे टाळू नका. बऱ्याच स्कींच्या पोटात लाकूड असतं, भोकातून पाणी आत गेलं आणि गोठलं की ते आतून फुगतं आणि थर सुटतात.

कडेच्या पोलादी पट्ट्या काढायच्या नाहीत. वाऱ्याने चकचकीत झालेल्या उघड्या बर्फावर त्यांच्यामुळेच गाडी सरळ राहते, नाहीतर आडवा वारा तंबूला पकडून बाजूला ढकलत नेतो. मात्र हातमोजे फाटतील इतकी धार असेल तर कानशीने ती मोडा, पुढच्या वळलेल्या भागात जरा जास्तच.

पायरी २: मापं

स्लेड उलटी करून तळ मोजा. समजा तळ १५० बाय ७५ सेंटीमीटर आहे. दोन स्कींच्या मध्यरेषांमधलं अंतर ५० ते ५५ सेंटीमीटर ठेवा. याहून कमी केलं तर गाडी बाजूला कलंडते. जास्त केलं तर आडव्या फळ्या लांब होतात आणि वाकतात. स्लेडच्या तळाला हायफॅक्स आधीच असेल तर चौकटीच्या वरच्या पट्ट्या त्या दोन पट्ट्यांच्या लगेच आतल्या बाजूला येतील असं अंतर काढा. मग स्लेड डावीउजवीकडे सरकत नाही, हायफॅक्सच तिला अडवून धरतं.

चौकटीची उंची हा नवशिक्यांना नेहमी पडणारा प्रश्न. उंच केली की खोल बर्फात अडत नाही, पण वजन वर जातं आणि पहिल्याच खडबडीत जागी गाडी आडवी होते. टू-बाय-फोर उभा ठोकळा आणि त्यावर आडवी टू-बाय-फोर फळी, असं केलं की स्कीसकट १४ सेंटीमीटरच्या आसपास उंची येते. पायी ओढायला एवढी पुरे. टू-बाय-सिक्स लावून आणखी पाच सेंटीमीटर मिळतात, पण ते मी फक्त दोन माणसांच्या रुंद स्लेडला सुचवेन.

पायरी ३: ठोकळे

प्रत्येक स्कीवर दोन, असे तीस सेंटीमीटर लांबीचे चार ठोकळे कापा. ते स्कीच्या लांबीला समांतर, कडेवर उभे राहतील. पुढच्या टोकाची वरची कड तिरकी कापा म्हणजे बर्फ अडणार नाही. एकच लांब लाकूड अख्ख्या स्कीवर बसवायचा सोपा मार्ग दिसतो, पण तो घेऊ नका. स्की वजनाखाली लवते आणि खड्ड्यावरून जाताना वाकते. त्या लवचिकपणावरच ती हलकी चालते. लांब लाकडाने ती ताठ होते.

ठोकळ्यांची जागा ठरवताना बुटाच्या मध्याची खूण शोधा. बहुतेक स्कींवर ती छापलेली असते. तिच्यापुढे ४० सेंटीमीटरवर पुढच्या ठोकळ्याचा मध्य आणि मागे ३५ सेंटीमीटरवर मागच्याचा. याच्या पलीकडे टोकांकडे स्की पातळ होत जाते, तिथे स्क्रू धरत नाहीत.

आता जोडणी. ठोकळा वरून क्लँपने धरा आणि स्की उलटी करा. तळाच्या बाजूने आधी बारीक भोक, मग काउंटरसिंक, मग अडीच इंची स्क्रू. एका ठोकळ्याला चार स्क्रू, एका रेषेत न लावता नागमोडी, म्हणजे ठोकळा आडव्या जोराला उलटत नाही. स्क्रूचं डोकं तळाच्या पातळीपासून मिलिमीटरभर आत गेलं पाहिजे. बोट फिरवून बघा. जरा जरी वर जाणवलं तरी ते प्रत्येक पावलाला ब्रेक लावणार. काही स्कींच्या आत धातूचा थर असतो, तिथे ड्रिल एकदम जड लागतं. वेग कमी करून चांगल्या बिटने शांतपणे पार करा. शेवटी डोक्यांवरचे खळगे इपॉक्सीने भरून, वाळल्यावर पॉलिश पेपरने तळाबरोबर सपाट करा.

पायरी ४: दोन्ही स्की समांतर

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. स्की थोड्या जरी आत किंवा बाहेर वळलेल्या राहिल्या तर जोडीतला एक बैल एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे ओढतोय असं होतं: दोन्ही स्की सतत कडेने बर्फ खरवडत राहतात आणि मेण कितीही लावलं तरी गाडी जड चालते.

गॅरेजच्या सपाट जमिनीवर दोन्ही स्की ठेवा. स्कीला मध्ये कमान असते, ती दाबली जावी म्हणून मधोमध मिठाची किंवा वाळूची पिशवी ठेवा. आता आडव्या फळ्या ठोकळ्यांवर नुसत्या ठेवा, अजून स्क्रू नको. स्कीची रुंदी टोकांना आणि मध्ये वेगळी असते, म्हणून कडेपासून मोजू नका. प्रत्येक स्कीच्या तोंडाशी आणि शेपटाशी मध्यबिंदूवर पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणांमधलं अंतर मोजा. पुढचं आणि मागचं अंतर दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. मग कर्ण मोजा: डाव्या तोंडापासून उजव्या शेपटापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. गुण्या प्रत्येक कोपऱ्याला लावून पुन्हा बघा, आणि मगच स्क्रू मारा.

पायरी ५: चौकट ताठ करा

दोन आडव्या फळ्यांनी चौकट दिसायला पूर्ण होते, पण कोपऱ्याला धक्का दिला तर ती चौकोनाची समांतरभुज होते, आणि आत्ता जुळवलेल्या स्की तिरक्या जातात. म्हणून पुढच्या फळीच्या एका टोकापासून मागच्या फळीच्या विरुद्ध टोकापर्यंत वन-बाय-फोरची एक तिरकी पट्टी खालून लावा. प्रत्येक ठोकळा आणि आडवी फळी यांच्या कोपऱ्यात प्लायवूडचा त्रिकोण बसवा. वरून दोन लांब पट्ट्या, साधारण १२० सेंटीमीटरच्या, पुढून मागे; स्लेड यांच्यावर बसेल. त्यांच्यावर जुन्या रबरी मॅटचे तुकडे ठोका, कारण थंडीत प्लास्टिक लाकडावरून साबणासारखं सटकतं. मागच्या टोकाला लाकडाचा एक लहान अडसर लावा म्हणजे ओढताना स्लेड मागे सरकणार नाही.

सगळं मिळून वजन दहा-अकरा किलो भरतं. नव्या माणसाला वाटतं की एवढं वजन उगाच वाढवलं. ओढून बघितल्यावर ती शंका राहत नाही.

पायरी ६: मेण

स्कीचा तळ स्वच्छ पुसून कोरडा करा. जुनी इस्त्री घ्या, जी पुन्हा कपड्यांना वापरायची नाही. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब तळावर पाडा आणि इस्त्री न थांबवता फिरवत ते पसरवा. धूर निघायला लागला म्हणजे इस्त्री फार गरम आहे. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने जादा मेण खरवडून काढा. राहिलेला पातळ थरच कामाचा. मेणाच्या पुड्यावर तापमान लिहिलेलं असतं, कडक थंडीसाठीचं घ्या. मऊ मेणात थंड बर्फाचे टोकदार कण रुततात आणि उलट घर्षण वाढतं.

पायरी ७: दोरी आणि पट्टा

आयबोल्ट पुढच्या दोन ठोकळ्यांतून आरपार लावा, नायलॉक नटने. स्कीच्या तोंडाला भोक पाडून दोरी बांधलेली अनेक ठिकाणी दिसते. ते तोंड पातळ असतं आणि वजनाने फाटतं. दोन्ही आयबोल्टमधून दोरीचा त्रिकोण करून त्याच्या टोकाला लांब दोरी जोडा. दोरी खाली बांधली की ओढ किंचित वरच्या दिशेने येते आणि स्कींची तोंडं हलकी राहतात.

दोरी हातात धरून ओढू नका. खांदे भरून येतात. कमरेला रुंद पट्टा बांधा. त्यात एकच अट आहे: एका हाताने, मोजे घालून, क्षणात सुटणारी बकल हवी. बर्फ फुटून तुम्ही पाण्यात गेलात तर पन्नास किलोची गाडी कमरेला बांधलेली असता कामा नये.

स्की लावल्यावर एक नवी गोष्ट होते, तिची सवय करून घ्या. घर्षण इतकं कमी होतं की बोट उतरवायच्या उतारावरून तळ्यात शिरताना गाडी मागून येऊन तुमच्या पोटऱ्यांवर आदळते. उतारावर तुम्ही गाडीच्या मागे राहा आणि दोरी धरून तिला पुढे सोडा. कायमचा उपाय हवा असेल तर दोन दोऱ्या दोन पातळ नळ्यांमधून घ्या. नळ्या ताठ राहतात आणि गाडी अंतर राखून चालते. पांढऱ्या पीव्हीसीच्या नळ्या थंडीत ठिसूळ होऊन तडकतात. विजेच्या वायरिंगची धातूची नळी किंवा पेक्स पाइप घ्या.

या चौकटीला स्नोमोबिलमागे जोडू नका. ती चालण्याच्या वेगासाठी आहे.

सामान कसं भरायचं

जड वस्तू तळाशी आणि दोन ठोकळ्यांच्या मधल्या भागात, किंचित मागे. ऑगरच्या पात्याला झाकण घालूनच ठेवा. गॅसची नळकांडी उभी आणि बांधलेली. हलकं, फुगणारं सामान वर. मग कॅम-बकलचे पट्टे, एक पुढे, एक मागे. रॅचेटचे पट्टे जास्त घट्ट बसतात, पण ओले होऊन गोठले की त्यांचं यंत्र उघडत नाही. पट्टा छताच्या कापडावरून आवळला जाऊ नये, खालून फक्त टबाला धरावा. दाबलेल्या कापडाला घडीवर भोकं पडतात.

घराजवळ चाचणी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा असतो. तो इथे फार कामाला येतो. भरलेली स्लेड आधी तशीच बर्फावर ठेवा, दोरीला काट्याचा हुक लावा आणि काट्याला धरून ओढा. हलायला लागताना एक आकडा दिसेल, चालत्या गाडीला दुसरा, कमी. मग तीच स्लेड चौकटीवर ठेवून त्याच बर्फावर, पण न तुडवलेल्या जागी, पुन्हा ओढा. चालता आकडा ठळकपणे कमी झाला नाही तर तळ्यावर जाऊ नका. आधी स्की समांतर आहेत का ते मोजा, मग स्क्रूची डोकी चाचपा, शेवटी मेण बघा. बहुतेक वेळा दोष पहिल्याच जागी सापडतो. गाडी सोडल्यावर सतत एकाच बाजूला वळत असेल तरीही तेच.

अंगणातल्या बर्फात उमटलेल्या दोन रेघाही नीट बघा. रेघ स्कीच्या रुंदीइतकीच, दोन्ही कडा कापल्यासारख्या सरळ असतील तर काम उत्तम झालंय. रेघ स्कीपेक्षा रुंद आणि एका कडेला बर्फाची वरंबी उठलेली दिसली, तर ती स्की तिरकी चालली आहे.

तळ्यावर

गाडी हलकी चालायला लागली की माणूस लांब जातो, आणि लांब गेल्यावर बर्फ बदलतो. मिनेसोटाचं डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, पायी जाण्यासाठी किमान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ सांगतं; स्नोमोबिल किंवा लहान एटीव्हीसाठी पाच ते सात इंच. पांढरा, दुधाळ बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून तिथे जाडी दुप्पट धरा. कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो हेही तेच खातं दरवर्षी बजावतं. एकाच भोकावर विसंबू नका, पुढे जाताना मधून मधून मोजत राहा. हातात लोखंडी पहार, गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार खिळे आणि जॅकेटच्या वर लाइफ जॅकेट. पोहता येतं म्हणून हे सोडू नका, गोठलेल्या पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही.

मिल लॅक्स आणि अप्पर रेड लेक ही मोठी, उघडी तळी नावाजलेली आहेत, पण सुरुवात तिथे करू नका. मिल लॅक्स पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे; वारा सुटला की तिथे बर्फाचे प्रचंड तुकडे काठापासून सुटतात. अप्पर रेड लेकवर डिसेंबर २०२३ च्या अखेरीस असाच तुकडा सुटून शंभराहून अधिक मासेमार अडकले आणि त्यांना सोडवून आणावं लागलं. पहिला मोसम घराजवळच्या लहान तळ्यावर काढा.

बुटांना आइस क्लीट, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, लावायला विसरू नका. उघड्या बर्फावर स्कीवरची गाडी तुमच्यापेक्षा जास्त सहज घसरते, आणि पाय निसटला तर ती थांबत नाही.

जागेवर पोहोचल्यावर स्लेड उतरवा आणि चौकट लगेच उलटी करून, स्की आकाशाकडे, बर्फावर ठेवा. ओल्या स्की बर्फावर टेकून राहिल्या तर तासाभरात चिकटतात आणि निघताना उपसाव्या लागतात. वाऱ्याने उडू नये म्हणून तिला तंबूच्या दोरीने बांधा. परत निघताना तळावर जमलेला बर्फ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. धातूची वस्तू वापरली तर मेणासकट तळ खरडला जातो.

मोसम संपला की पोलादी कडा पुसून कोरड्या करा आणि त्यांच्यावरही मेणाचा पातळ हात फिरवा, म्हणजे उन्हाळ्यात गंज चढत नाही. तळावर मेणाचा जाड थर न खरवडता तसाच राहू द्या. सगळे स्क्रू एकदा आवळा, कारण लाकूड ओलं-कोरडं होत सैल पडतं, आणि नोव्हेंबरात चौकट काढाल तेव्हा स्लेड वर ठेवण्याआधी ते दोन कर्ण पुन्हा मोजा.